मान वाचली, धमनीचे काय?

दादर पूर्वेला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात उपचारासाठी बाहेरगावाहून आलेले कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातलग तिथे आठवडेच्या आठवडे मुक्काम करतात. बाबांचा जन्म अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. देह ठेवला तोही वलगावजवळ, पेढी नदीच्या परिसरात. त्यामुळे अमरावती-अकोल्याकडच्या माणसाला मुंबईच्या गर्दीत ती एक इमारत तरी आपली वाटते. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी ‘लाइट’ घ्यायला गेलेल्या वऱ्हाडी कुटुंबाचा हिशेब साधारण ठरलेला असतो. आठवड्यातून पाच दिवस, सहा ते सात आठवडे, रोज काही मिनिटे जाळीच्या मुखवट्याखाली निश्चल पडून राहायचे. तोंड सोलवटते, लाळ आटते, अन्नाची चव जाते, नाकातून नळी घालावी लागते. मग एक दिवस फाइल हातात मिळते आणि अमरावती एक्स्प्रेसने माणूस घरी परततो. मुंबईऐवजी नागपूर, सेवाग्राम किंवा अकोला असेल, तरी बाकीची कहाणी हीच.

पुढे तपासणीच्या फेऱ्या सुरू होतात. आधी दर दोन-तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. डॉक्टर तोंडात पाहतात, मान चाचपतात, गाठ नाही म्हणतात. पाच वर्षे निभावली की घरात पेढे वाटले जातात, आणि ते योग्यच आहे. मात्र त्यानंतर फेऱ्या विरळ होतात आणि हळूहळू बंद पडतात. कर्करोगाच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी समजण्यासारखे आहे, कारण मुखकर्करोग उलटायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांतच उलटतो. पण त्याच मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचे घड्याळ वेगळे चालते. तिचा त्रास सुरू होण्याची वेळ बहुधा इथून पुढे असते. सहाव्या, आठव्या, बाराव्या वर्षी एखाद्या सकाळी हातातला चहाचा कप निसटतो. घरचे म्हणतात लकवा मारला. दवाखान्यात रक्तदाब विचारतात, साखर विचारतात, मेंदूचा सीटी स्कॅन काढतात. दहा वर्षांपूर्वी या मानेला किती किरण दिले होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. विचारला तरी फाइल सापडत नाही.

आपल्या भागासाठी हा विषय मोठा आहे आणि त्यावर बोलले जाते फार थोडे, म्हणून तो इथे घेतला आहे.

हनुवटीखाली, कंठमण्याच्या बाजूला दोन बोटे हलकेच टेकवली की नाडी लागते. ती कॅरोटिड धमनी. उजवीकडे एक, डावीकडे एक. मेंदूला रक्त पोचवणाऱ्या चार वाटांपैकी या दोन थोरल्या. उरलेल्या दोन मानेच्या मणक्यांमधून वर जातात. कंठमण्याच्या वरच्या कडेच्या आसपास कॅरोटिडला दोन फांद्या फुटतात. एक चेहऱ्याकडे जाते, दुसरी कवटीत शिरून मेंदूकडे. या फाट्यावरच रक्तदाब मोजणारी शरीराची स्वतःची यंत्रणा बसवलेली आहे. माणूस बसलेला उठला की रक्त पायांकडे उतरते, तेव्हा हीच यंत्रणा क्षणात मेंदूला खबर देते आणि दाब सावरला जातो. एवढ्या मोलाचा ऐवज त्वचेखाली बोटभर खोलीवर आहे.

आणि याच धमनीला चिकटून, मोठ्या शिरेच्या कडेने, लसीका गाठींची माळ आहे. गालाचा, जिभेचा किंवा घशाचा कर्करोग पसरायला निघाला की आधी या गाठींत उतरतो. म्हणून तोंडाच्या कर्करोगाचा उपचार तोंडापुरता ठेवता येत नाही. टाटा रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांचा 2015 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास जगभर वाखाणला गेला तो याच मुद्द्यावर. सुरुवातीच्या अवस्थेतल्या मुखकर्करोगात, गाठ हाताला लागत नसतानाही, मानेतल्या गाठी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या तर तीन वर्षांनी 80 टक्के रुग्ण हयात होते; गाठ दिसेपर्यंत थांबले त्यांच्यात 67.5 टक्के. मान मोकळी सोडणे किती महागात पडते हे या एका आकड्यावरून कळते. आजार पुढे गेलेला असेल तर शस्त्रक्रियेनंतर मानेला किरणही द्यावे लागतात. मग गाठींवर सोडलेला किरण शेजारच्या धमनीला कसा वगळणार?

किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. शस्त्रक्रियेनंतर साधारण 60 ग्रे आणि केवळ किरणांनी रोग बरा करायचा असेल तर 66 ते 70 ग्रे, रोज सुमारे 2 ग्रे याप्रमाणे देतात. मात्रा अशी वाटून देण्यामागे हेतू आहे. कर्कपेशी घाईने विभागतात आणि डीएनएची मोडतोड सावरू शकत नाहीत, तर निरोगी पेशींना रात्रभरात डागडुजी करायला सवड मिळते. तोंडातली त्वचा लवकर सोलते आणि लवकर भरून येते, कारण तिच्या पेशी भराभर बदलतात. धमनीचे तसे नाही. तिच्या आतल्या गुळगुळीत अस्तराच्या पेशी संथ असतात, त्यांना झालेली इजा उशिरा उघडी पडते. शिवाय धमनीच्या भिंतीला स्वतःचे रक्त पुरवणाऱ्या केसासारख्या बारीक वाहिन्या असतात, त्या किरणांनी हळूहळू बुजतात. पाटाच्या भिंतीलाच पाणी मिळेनासे व्हावे तशी ही गत. भिंत आतून सुजते, बाहेरून व्रणासारखी ताठ होते. अस्तर खडबडीत झाले की त्यावर चरबीचे थर नेहमीपेक्षा लवकर आणि जास्त लांबीवर साचतात. वयोमानाने होणारा अडथळा बहुधा फाट्यापाशीच असतो. किरणांनंतरचा मात्र खालच्या मुख्य वाहिनीतही दूरवर पसरलेला आढळतो. हे सगळे दुखत नाही, खुपत नाही. धमनी अर्धी बुजली तरी माणूस सोयाबीन काढत असतो.

ही ओळख काल-परवाची नाही. क्ष-किरणांचा शोध 1895 सालचा, आणि क्ष-किरणांनी झालेल्या जखमांच्या आत रक्तवाहिन्या जाड होऊन बुजतात हे त्याच शतकाच्या अखेरीस सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते. मोजदाद मात्र उशिरा झाली. नेदरलँड्समध्ये मानेला किरण घेतलेल्या, साठीच्या आतल्या 367 रुग्णांचा पाठपुरावा करून 2002 साली निष्कर्ष छापले गेले. त्या वयाच्या सामान्य लोकांच्या हिशेबाने दोन-तीन पक्षाघात अपेक्षित होते, झाले 14. म्हणजे साडेपाच पट. दहा वर्षांपेक्षा जास्त काळ लोटलेल्यांमध्ये ही पट आणखी वाढून दहाच्या घरात गेली. पंधरा वर्षांत पक्षाघाताची शक्यता 12 टक्क्यांपर्यंत पोचली. अमेरिकेत पासष्टीपुढच्या रुग्णांचा मोठा अभ्यास 2008 साली आला. केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी 34 टक्क्यांना दहा वर्षांत मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा काही ना काही झटका आला. केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण 26 टक्के होते.

यावर एक रास्त शंका निघते. हे रुग्ण तंबाखूचेच बळी, तंबाखूने तशाही धमन्या खराब होतात, मग दोष किरणांवर का ढकलायचा? उत्तर दोन बाजूंनी मिळते. नेदरलँड्सच्या त्या गटात लाळग्रंथीच्या साध्या, तंबाखूशी संबंध नसलेल्या गाठीसाठी किरण घेतलेले लोकही होते, आणि त्यांच्यातही पक्षाघात वाढलेले होते. दुसरा पुरावा अधिक बोलका आहे. मानेच्या एकाच बाजूला किरण दिलेल्या रुग्णांच्या दोन्ही धमन्या सोनोग्राफीने तपासल्या गेल्या, तेव्हा किरण दिलेल्या बाजूच्या धमनीची भिंत जाड निघाली. माणूस तोच, रक्त तेच, तंबाखूही तोच. फरक फक्त किरणांचा. आपल्याकडे या मुद्द्याला वेगळे वजन आहे. खर्रा एकाच गालात दाबून धरायची सवय असते, त्यामुळे कर्करोगही त्याच गालात उगवतो, आणि वेळीच सापडला तर बऱ्याचदा त्याच बाजूच्या मानेवर उपचार होतो. अशा माणसाने निदान कोणत्या बाजूची धमनी जपायची ते लक्षात ठेवायला हवे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर या लेखाने उपकारापेक्षा अपकारच व्हायचा. किरणोपचार टाळण्यासाठी हे कारण नाही. आपल्याकडे आधीच ‘लाइट घेतली की माणूस जळतो’ असे सांगून अर्ध्यावर उपचार सोडणारे कमी नाहीत. सहा आठवड्यांच्या उपचारात मध्येच आठवडाभर खंड पडला तरी कर्करोगाला पुन्हा डोके वर काढायला वाव मिळतो. उपचार न घेतलेल्या मुखकर्करोगाचा शेवट काय असतो हे ज्यांनी घरात पाहिले आहे, त्यांना दहा वर्षांनंतरच्या संभाव्य पक्षाघाताची तुलना त्याच्याशी करावीशी वाटणार नाही. धमनीची चिंता ही जगलेल्या माणसाची चिंता आहे, आणि असे जगलेले लोक आता वाढत आहेत. भारतात ओठ व मुखाच्या कर्करोगाचे वर्षाला 1 लाख 40 हजारांवर नवे रुग्ण नोंदले जातात. चाळिशी-पन्नाशीतले त्यांत पुष्कळ आहेत. पंचेचाळिसाव्या वर्षी बरा झालेला माणूस पंचावन्नाव्या वर्षी मुलीच्या लग्नाच्या खटपटीत असतो. नेमक्या त्या वयात धमनी दगा देते.

आता व्यवहाराची गोष्ट, आणि ती थोडी सविस्तर. पक्षाघात ओळखायची खूण सगळीकडे शिकवली जाते: चेहरा वाकडा झाला का, हात खाली पडतो का, बोलणे अडखळते का, तसे असेल तर क्षणही न दवडता दवाखाना गाठा. खूण उत्तम आहे. मात्र तोंडाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णापाशी ती निम्मी निकामी ठरते. जबड्याचा तुकडा काढलेला, छातीची किंवा मांडीची त्वचा गालाला लावलेली, ओठ हलवणारी बारीक नस शस्त्रक्रियेत दुखावलेली. त्याचा चेहरा वर्षानुवर्षे वाकडाच असतो. जीभ अर्धी असेल तर बोलणे घरच्यांखेरीज कोणाला समजत नाही. असा माणूस रात्री दोन वाजता आकस्मिक विभागात आला तर नव्याने आलेला वाकडेपणा जुन्यात मिसळून जातो. ‘त्यांचं तोंड पहिल्यापासून असंच आहे’ असे पत्नी सांगते, तिचे खरेच असते, आणि तासभर निघून जातो. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन द्यायला लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांचीच मुदत असते. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या घरात, त्यात मेळघाटचा घाट. इथे एक तास म्हणजे सगळा डाव.

म्हणून अशा रुग्णाच्या घरात खूण बदलून शिकायला हवी. चेहऱ्यापेक्षा हाताकडे पाहा. दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक खाली येतो का बघा. चमचा, बिडीची काडी, मोबाइल हातातून निसटतो का? एक पाय ओढला जातो का? बोलणे नेहमीपेक्षा वेगळे आहे का, म्हणजे शब्दच सापडत नाहीत किंवा आपण बोललेले कळत नाही, असे झाले का? एका डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखा अंधार येऊन काही मिनिटांत गेला का? ही शेवटची खूण फार मोलाची आहे. कॅरोटिडमधून सुटलेला बारीक कण डोळ्याच्या वाहिनीत अडकला की असे होते, आणि ते आपोआप बरे झाले म्हणून कोणी डॉक्टरकडे जात नाही. दहा-पंधरा मिनिटांत जाणारा अशक्तपणा किंवा अंधारी हा मोठ्या झटक्याचा निरोप असू शकतो. तो पुढच्या काही दिवसांतच येण्याचा धोका सर्वाधिक असतो. ‘गेलं बुवा, बरं झालं’ म्हणून झोपायचे नाही, त्याच दिवशी दवाखाना. आणि चेहरा मुळातच वाकडा आहे हे डॉक्टरांना दाखवायला रुग्णाचा बरा असतानाचा, समोरून हसताना काढलेला एक फोटो घरातल्या मोबाइलमध्ये असू द्यावा.

भोवळ हा आणखी एक घोटाळ्याचा भाग. फाट्यावरची दाब सावरणारी यंत्रणा किरणांनी बोथट झाली तर रक्तदाब उधळतो. कधी एकदम चढतो, कधी उठून उभे राहताच धाडकन उतरतो. अकोल्यात एप्रिल-मेमध्ये पारा 45 अंशांच्या पुढे जातो तेव्हा कोणालाही भोवळ आली की ‘ऊन लागलं’ हेच निदान घराघरांत होते. कांद्याचा रस, कैरीचे पन्हे, सावलीत झोपवणे. बहुतेकांच्या बाबतीत ते बरोबरही असते. पण मानेला किरण घेतलेल्या माणसाची धमनी अरुंद असेल, अंगातले पाणी कमी झालेले असेल आणि दाब सावरत नसेल, तर मेंदूकडे जाणारे रक्त तुटपुंजे पडते. अशाने उन्हाळ्यात पाणी भरपूर प्यावे, उठताना आधी खाटेवर दोन मिनिटे बसावे, आणि वारंवार भोवळ येत असेल तर आडवे असताना व उभे असताना असा दोनदा रक्तदाब मोजून घ्यावा. लाळ आटलेली असल्यामुळे हे रुग्ण तसेही घोट घोट पाणी पीत असतात, पण गिळायला त्रास होतो म्हणून पुष्कळदा गरजेइतके पीत नाहीत.

मान ताठ होणे ही तर किरणांनंतरची नित्याची तक्रार. त्यावर उपाय म्हणून केशकर्तनालयात मालीश करून घेणे आणि शेवटी मान कडकन मोडून घेणे ही आपल्याकडची जुनी चैन आहे. निरोगी माणसालाही मानेला झटका दिल्याने धमनीचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. किरणांनी ताठरलेल्या धमनीशी तो खेळ नकोच. मानेचे सोपे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात. तेवढे रोज करावेत.

मग तपासायचे काय? पहिली गोष्ट रक्तदाब आणि साखर. हे कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. दुसरी कोलेस्टेरॉल. तिसरी थायरॉइडची टीएसएच तपासणी, आणि ती इथे मुद्दाम सांगावीशी वाटते. मानेच्या किरणांच्या वाटेत थायरॉइड ग्रंथीही येते आणि पुढच्या काही वर्षांत अनेकांची थायरॉइड मंदावते. थायरॉइड मंदावली की कोलेस्टेरॉल चढते, कोलेस्टेरॉल चढले की आधीच दुखावलेल्या धमनीवर थर चढतात. सुस्ती, थंडी वाजणे, वजन वाढणे याकडे ‘आजारातून उठल्याचा अशक्तपणा’ म्हणून दुर्लक्ष होते. सहा महिन्यांनी किंवा वर्षातून एकदा रक्ताची ही एक चाचणी केली आणि गरजेप्रमाणे गोळी सुरू केली तर दोन कामे होतात.

चौथी गोष्ट मानेच्या धमन्यांची कलर डॉपलर तपासणी. साधी सोनोग्राफीच ती. पंधरा-वीस मिनिटे लागतात, सुई नाही, किरण नाहीत. अमरावती-अकोल्यात सोनोग्राफी केंद्रांची वाण नाही. ही तपासणी सर्वांची केव्हा आणि किती वेळा करावी, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. सरसकट तपासणीने पक्षाघात किती टळतात हे सिद्ध करणारी मोठी चाचणी झालेली नाही, हा विरोधकांचा मुद्दा खरा आहे. पण ज्याच्या मानेला 60 ग्रे मिळाले आहेत तो माणूस ‘सरसकट’ या शब्दात बसत नाही. आमच्या मते किरणोपचारानंतर पाचव्या वर्षाच्या शेवटच्या फेरीतच डॉपलर व्हावी. रक्तदाब, मधुमेह असेल किंवा तंबाखू सुटली नसेल तर त्याआधी. आणि एवढेही जमत नसेल, तर डॉक्टरांनी मानेला स्टेथोस्कोप लावून धमनीत खरखर ऐकू येते का एवढे तरी पाहावे. ती खरखर नसली म्हणजे धमनी साफ असे नव्हे, पण असली तर पुढची पायरी ठरते, आणि याला पैसा लागत नाही.

अडथळा सापडला तर लगेच शस्त्रक्रिया असे नसते. तंबाखू पूर्ण बंद, रक्तदाब काबूत, कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन गोळी, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन यांवर बहुतेकांचे भागते. स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन सुरू करू नये. तोंडात किंवा घशात व्रण असलेल्याला ती रक्तस्रावाचा त्रास देऊ शकते. अडथळा फार असेल आणि लक्षणे दिसली असतील तर धमनी उघडून साफ करणे किंवा आत स्टेंट बसवणे हे दोन मार्ग आहेत. किरण घेतलेल्या मानेत पहिला मार्ग अवघड जातो, कारण ऊती एकमेकांना चिकटलेल्या असतात, नसा दुखावण्याची आणि जखम न भरण्याची भीती असते. दुसऱ्या मार्गात स्टेंट पुन्हा बुजण्याचे प्रमाण जास्त. दोन्हींपेक्षा आधीच कळलेले आणि गोळीवर भागलेले केव्हाही बरे.

हे काम करायचे कोणी, हा खरा पेच आहे. कर्करोगतज्ज्ञाची नजर गाठीवर असते आणि त्याच्या दाराशी नव्या रुग्णांची रांग. गावचा डॉक्टर म्हणतो, हे टाटाचे पेशंट. मेंदूविकारतज्ज्ञाकडे माणूस जातो तो झटका आल्यावरच. महाराष्ट्रात 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होता. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते, आणि तिच्यामुळे या भागातल्या हजारो गरीब कुटुंबांना शेत न विकता किरणोपचार मिळाले, हे मान्य करायला हवे. पण योजनेचा भर उपचाराच्या खर्चावर आहे. उपचारानंतर दहा वर्षे माणसाकडे बघण्याची जबाबदारी कोणाच्याच नावावर नाही. दुसरीकडे मधुमेह, हृदयविकार, कर्करोग आणि पक्षाघात या चौघांना एकाच छपराखाली आणणारा राष्ट्रीय कार्यक्रम केंद्राने 2010 साली सुरू केला. कर्करोग आणि पक्षाघात ही दोन नावे एकाच पाटीवर आली. कर्करोगातून वाचलेल्याला पक्षाघात होऊ शकतो ही जोडणी मात्र कागदावर झाली नाही.

ती करायला नवी इमारत लागत नाही. किरणोपचार देणाऱ्या प्रत्येक केंद्राने रुग्णाला घरी पाठवताना मराठीत एक कार्ड द्यावे. त्यावर तीनच गोष्टी: मानेच्या कोणत्या बाजूला किती ग्रे दिले, कोणत्या महिन्यात संपले, आणि पुढे दरवर्षी काय तपासायचे. जिल्हा रुग्णालयातल्या असंसर्गजन्य रोग कक्षाने अशा कार्डधारकांची वेगळी यादी ठेवावी. आशा सेविका मधुमेहाच्या रुग्णाकडे जातेच. या यादीतल्या माणसाचा रक्तदाब मोजायला तिला वेगळा फेरा पडणार नाही. आणि पक्षाघाताचा रुग्ण दाखल होताना भरल्या जाणाऱ्या कागदावर ‘मानेला पूर्वी किरणोपचार झाले होते का’ हा एक रकाना वाढवावा. आज हे रुग्ण मोजलेच जात नाहीत. मृत्यूच्या दाखल्यावर पक्षाघात लिहिले जाते, कर्करोगाच्या नोंदीत तो माणूस ‘बरा झालेला’ म्हणून राहतो, आणि दोन्ही वह्या आपापल्या जागी बरोबर असतात.

खऱ्र्याबद्दल न बोलता हा विषय आवरता येत नाही. महाराष्ट्रात जुलै 2012 पासून गुटखाबंदी आहे. प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून देणारी टपरी तरीही बसस्थानकाच्या दारातच असते, आणि काही वेळा रुग्णालयाच्याही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खाणारे निघाले, म्हणजे चारातला जवळपास एक. एकदा कर्करोगातून उठलेल्या माणसाने ‘आता काय उरलंय’ म्हणत पुन्हा पुडी उघडली, हे दृश्य दुर्मीळ नाही. त्याला दुसऱ्या कर्करोगाची भीती दाखवली जाते. धमनीची गोष्ट त्याला कोणी सांगितलेलीच नसते.

ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांनी या आठवड्यात जुनी फाइल काढावी. ‘आरटी’ असे लिहिलेला कागद शोधावा, त्यावर ग्रे आणि दिवस यांचे आकडे असतात. त्याचा फोटो काढून ठेवावा. कागद हरवला असेल तर उपचार केलेल्या रुग्णालयाच्या नोंदणी कक्षात केस क्रमांक देऊन प्रत मागता येते. पुढच्या वेळी कोणत्याही कारणाने डॉक्टरकडे गेलात, अगदी सर्दी-खोकल्यासाठी, तरी हा कागद समोर ठेवून विचारावे: यांच्या मानेच्या रक्तवाहिन्या शेवटच्या कधी तपासल्या होत्या? आणि हात अचानक लुळा पडला तर लकव्याच्या झाडपाल्याच्या औषधासाठी गाडी काढण्याआधी 108 फिरवावा.